मिठाच्या मडक्यातला कोकमतेलाचा गोळा

मी एक जुना कोकमतेलाचा गोळा आहे. एके काळी मी नारळाएवढा होतो, आता सुपारीएवढा उरलो आहे. मी पत्र्याच्या एका गुलाबी डबीत राहतो. या डबीला गुलाबाचा वास येतो आणि तो मला मुळीच आवडत नाही. डबी माझी नव्हे. ती माझ्या नशिबी कशी आली, हे सांगायलाच मी तोंड उघडले आहे. मित्रांनो, मी स्वभावाने गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना गोड काही हवे असेल त्यांनी गुळाच्या ढेपेकडे जावे.

माझा जन्म १९४८ सालच्या वैशाखात, तळा गावाजवळच्या एका वाडीत झाला. देश स्वतंत्र झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. सोनाबाई नावाच्या बाईने रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडली, साली वाळवून आमसुले केली आणि बिया बाजूला ठेवल्या. लोकांना आमसूल तेवढे ठाऊक असते. ते आमटीत पडते, सारात पडते आणि त्याचे कौतुक होते. बिया मात्र अंगणात फेकून देतात. अशा लोकांना काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा. सोनाबाईने बिया फेकल्या नाहीत. तिने त्या उन्हात खडखडीत वाळवल्या, उखळात कुटल्या, मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळल्या आणि वर आलेले तेल करवंटीच्या डावाने अलगद काढून घेतले. ते गार होऊन घट्ट झाले, तेव्हा तिने दोन्ही हातांनी दाबून त्याचा गोळा केला. तो गोळा म्हणजे मी. सोनाबाईच्या बोटांच्या खुणा कितीतरी दिवस माझ्या अंगावर होत्या.

त्या उन्हाळ्यात सोनाबाईची लेक राही माहेरपणाला आली होती. ती परत निघाली, तेव्हा सोनाबाईने मला केळीच्या पानात गुंडाळून तिच्या बोचक्यात घातले.

"थंडीत व्हट फुटलं की लाव," ती म्हणाली. "टाचंला बी लाव. पन व्हटाला आधी."

राहीचे सासर अलिबागच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात होते. त्या गावाला तीन बाजूंनी मिठागरे होती. भरतीचे पाणी खाचरांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि तळाला बसलेले मीठ लाकडी फावड्याने ओढायचे, हा तिथला धंदा. ज्या जागी माणसे हिवाळाभर खाऱ्या वाऱ्यात तोंड उघडे टाकून उभी राहतात आणि मग ओठ फुटले म्हणून रडतात, त्या जागी माझी नेमणूक झाली. मला आल्या आल्याच या मंडळींच्या अकलेची कल्पना आली.

राहीचा नवरा भागोजी दिवसा मिठागरात राबायचा. पण त्याची खरी ओळख वेगळी होती. तो सनई वाजवायचा. गावच्या देवीची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. त्या दिवशी पालखी देवळातून निघून वेशीच्या दगडापर्यंत जाते. एवढ्या वाटेवर पालखीपुढे सनई वाजवण्याचा मान भागोजीच्या घराण्याचा. त्याच्या आजाने वाजवली, बापाने वाजवली. सनईच्या तोंडाला ताडाच्या पानाची इवलीशी पत्ती असते. ती दोन्ही ओठांत घट्ट धरून फुंकावी लागते. म्हणजे ओठ फुटले की सनई संपली. एवढे मौल्यवान ओठ घेऊन हा गृहस्थ हिवाळाभर मिठागरात उभा राहायचा आणि वर सारखी जीभ फिरवून ते ओले करायचा. ओठ चाटल्याने ते जास्तच सुकतात, हे त्याला कोण सांगणार?

तरीही पहिली पाच-सहा वर्षे मी त्याला सांभाळून घेतले. राही सकाळी बोटाने माझा एक कण खरवडायची, चिमटीत चोळून पातळ करायची आणि भागोजीच्या ओठांना लावायची. तिसऱ्या दिवशी भेगा मिटलेल्या असत. शेजारपाजारच्या बायाही माझी चौकशी करत येत. कुणाच्या टाचा फुटलेल्या, कुणाचे हात चिरलेले. "राहीकडचं तेल" म्हणून माझे नाव झाले. दर माघात भागोजीची सनई देवळापासून वेशीपर्यंत अखंड वाजली आणि लोकांनी भागोजीला शाबासकी दिली. मला कुणी दिली नाही. माणसांची ही रीत मी तेव्हाच ओळखली.

मग १९५४ च्या पावसाळ्यात एका उंदराने मला कुरतडले. उंदराची बुद्धी उंदराएवढीच, त्यामुळे त्याला मी माफ केले. पण राही घाबरली. उंदीर जिथे तोंड घालणार नाही अशी जागा तिला हवी होती आणि मिठागरवाल्यांच्या घरात अशी जागा एकच असते. त्या घरात कैऱ्या मिठात, चिंच मिठात, सुकी मासळीही मिठात. कुठलीही वस्तू टिकवायची म्हटली की यांचा हात आपोआप मिठाकडे जातो. राहीने जाड्या मिठाचे मोठे मडके उघडले, मला मधोमध खोचले आणि वर झाकण ठेवले.

"आता ह्यो धा वर्सं न्हाय खराब व्हायाचा," ती नवऱ्याला म्हणाली.

तिथे मला काही त्रास नव्हता, हे मी कबूल करतो. उन्हाळ्यात मी मऊ पडायचो, तेव्हा मिठाची बारीक कणी माझ्या अंगात रुतून बसायची. थंडीत मी घट्ट झालो की ती आतच राहायची. अंगाला एक प्रकारची चकाकी आली होती. मला वाटले, वयाबरोबर आपले तेज वाढते आहे.

त्या हिवाळ्यात राहीने मला पहिल्यांदा मडक्यातून काढून भागोजीच्या ओठांना लावले. तो ताडकन मागे सरला.

"झोंबतंय गो," तो डोळे मिटून म्हणाला.

"झोंबतंय म्हंजे लागू पडतंय," राही म्हणाली. "जुनं झालं, म्हून जोर आलाय त्याला."

भागोजीलाही ते पटले. जिभेला खारट लागले, पण मिठागरात राबणाऱ्याचे ओठ कायमच खारट. या माणसांचा औषधाविषयीचा सगळा विचार एवढ्यात संपतो. कडू असेल तर चांगले, झोंबेल तर त्याहून चांगले. आणि मीही त्यांच्यातलाच निघालो. जोर आलाय, हे ऐकून मी छाती फुगवली. आजवर मी मुकाट्याने भेगा मिटवल्या, त्याची दखल कुणी घेतली नाही. आता मी नुसता टेकलो तरी माणूस डोळे मिटतो, म्हणजे आता कुठे मला माझी खरी ताकद सापडली, असे मला वाटले.

त्या वर्षी भेगा मिटायला महिना लागला. पुढच्या वर्षी त्या मिटल्याच नाहीत. दुसऱ्या माघात पालखी अर्ध्या वाटेवर असताना भागोजीचा सूर तुटला. त्याने तोंडावरची सनई काढली तेव्हा पत्ती लाल झाली होती. संबळ वाजवणाऱ्या मोरूने कशीबशी वेळ मारून नेली. ते सगळ्यांनी पाहिले.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौषातली पौर्णिमा झाल्यावर, गावचे पाटील रावजी भागोजीच्या ओटीवर येऊन बसले. मी आत मडक्यात होतो. पण कुडाच्या भिंतीतून सगळे ऐकू येते.

"भागोजी, मान तुजा हाय, त्यो कुनी काढून घेत न्हाय," पाटील म्हणाले. "पन व्हट चालाय पायजेत. अलिबागचा मानूस कर्णा घेऊन येतो म्हनतोय. तबकडी लावली की सनय वाजते, फुकायला कुनी लागत न्हाय."

"पाटील, आमच्या तीन पिढ्या..."

"त्याच्यासाठीच तर आलो सांगाय. येत्या पुनवेला वेशीपतूर वाजली तर तुजी. मधीच तुटली तर फुडच्या सालापासून कर्णा."

एवढे बोलून पाटील चहा न घेता उठले. कर्णा म्हणजे लाउडस्पीकर. पत्र्याचे तोंड, आत ओठ नाहीत, दात नाहीत, श्वास नाही, आणि म्हणे सनई वाजवतो. पण पाटलांचे बोलणे खरे होते.  राही बाहेर आली, तेव्हा भागोजी एवढेच म्हणाला, "बापाला काय सांगू?" त्याचा बाप वारून नऊ वर्षे झाली होती.

त्या दिवसापासून घरात औषधांची रीघ लागली. मित्रांनो, तो सगळा तमाशा मी मडक्यात बसून अनुभवला आहे.

पहिले आले तूप. शेजारची कृष्णाबाई म्हणाली, झोपताना बेंबीत तूप घाला, ओठ आपोआप मऊ होतात. भेगा ओठांना आणि तूप बेंबीला. मोठा सनईवाला पोट उघडे टाकून उताणा पडला आणि राहीने बेंबीत चमच्याने तूप ओतले. सकाळी मुंग्या आल्या. ओठ होते तसेच होते.

मग आली साय. तिला मी काय बोलणार? दुधावर तरंगण्यापलीकडे तिने आयुष्यात काही केलेले नाही. मांजराने भागोजीच्या तोंडाकडे इतके प्रेमाने पाहिले की त्यालाच लाज वाटली. सायीनंतर मध आला. मध लावला की दोन मिनिटांत भागोजीची जीभ तो चाटून घ्यायची. आठ दिवसांत अर्धी बाटली संपली. बरे कुणी झाले असेल, तर ती जीभ.

मग सायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरणारा सिराजुद्दीन अंगणात आला. सुया, दोरे, अत्तर, गोळ्या, सगळे त्याच्या पेटीत असायचे. भागोजीचे तोंड पाहून तो हळहळला.

"अल्ला, काय हालत करून घेतलीस रे," तो म्हणाला आणि त्याने गुलाबी रंगाची पत्र्याची एक डबी काढली. "हे बघ, खास मुंबईहून आलेलं मलम. साहेबांच्या बाया लावतात. चार दिसांत शिफा होईल, साफ बरा होशील, माझा शब्द."

डबी उघडताच घरभर गुलाबाचा वास सुटला. त्या मलमाला ना चव, ना तिखटपणा, ना अंगात काही जोर. हा फिका, रंगवलेला चिखल ओठांना लावून भागोजी मिठागरात गेला आणि दिवसभर सगळ्यांनी त्याला नवरदेव म्हणून चिडवले. मला फार आनंद झाला.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तूप असो, मध असो की मलम, दर सकाळी सगळे झाल्यावर राही मडक्याचे झाकण उघडायचीच. "कायबी लावा, आपलं तेल शेवटाला पायजेच," असे ती म्हणायची. मग मी त्या उघड्या जखमांवर बसायचो आणि भागोजी मुठी आवळून सहन करायचा. सगळी औषधे हरली, तरी तो माझ्याकडेच येतो, याचा मला केवढा अभिमान होता! इतर सगळे कुचकामी, मी एकटा खरा, असे मी स्वतःला रोज सांगत होतो.

यात्रा सहा दिवसांवर आली. खालचा ओठ मधोमध उकलला होता. भागोजीला भाकरीही भिजवून खावी लागत होती. सनई खुंटीवर होती आणि तो तिच्याकडे बघायचेही टाळत होता. त्या दुपारी सोनाबाई लेकीकडे यात्रेसाठी आली. तिने जावयाचे तोंड पाहिले आणि डोक्यावरचे बोचके तसेच ओटीवर टाकले.

"जावयबापू, काय लावता ह्याला?"

भागोजीला धड बोलता येत नव्हते. राहीनेच सगळी यादी सांगितली आणि शेवटी मोठ्या दिमाखात म्हणाली, "आनि तुजं तेल तर रोज लावतो आये. ते कवाच चुकवलं न्हाय."

"बगू," सोनाबाई म्हणाली.

राहीने मडके आणले, झाकण काढले आणि मिठात हात घालून मला बाहेर काढले. सोनाबाई आधी मडक्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ज्या बाईने मला घडवले, ती आता माझे तेज पाहून काय म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. तिने माझ्यावरून बोट फिरवले आणि ते जिभेला लावले. लगेच ती बाजूला थुंकली.

"राही," ती हळूच म्हणाली, "ह्यो मीठ हाय गो."

"मिठात ठेवला व्हता आये. उंदीर खातो म्हून."

"तीन वर्सं?"

राहीने होकारार्थी मान हलवली.

"तीन वर्सं तू नवऱ्याच्या जखमंवर मीठ चोळतीस."

 राहीने तोंडाला पदर लावला. आणि मी? मी सोनाबाईच्या हातात होतो आणि मला कुठे लपायलाही जागा नव्हती. आजवर मी तुपाला हसलो, सायीला हसलो, मधाला आणि मलमाला हसलो. त्यांनी भागोजीचे भले केले नाही, पण त्याचे वाईटही केले नाही. त्याचा ओठ मी फाडला होता. रोज, न चुकता, शेवटी येऊन. मुंबईच्या त्या मलमाचा कदाचित गुण आलाही असता. मीच तो येऊ दिला नाही. मला माझीच किळस आली.

सोनाबाईने वेळ घालवला नाही. तिने चुलीवर पाणी ठेवले, ते कढत झाल्यावर मला त्यात टाकले आणि मी दुसऱ्यांदा विरघळलो. मीठ पाण्यात उतरले, मी वर तरंगलो. तिने मला फडक्यातून गाळले, दुसऱ्या पाण्यात घातले, परत गाळले. तिसऱ्या पाण्यानंतर तिने मला जिभेवर ठेवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मी गार झालो तेव्हा निम्मादेखील उरलो नव्हतो.

"आता ह्याला कोरड्या डबीत ठेव," ती म्हणाली. घरात झाकणाची कोरडी डबी एकच होती, ती गुलाबी. मलम संपले होते. राहीने ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मला तिच्यात दाबून बसवले, उरलेला भाग दुधीच्या पोकळ भोपळ्यात ठेवला. ज्याला मी चिखल म्हटले, त्याच्याच घरात माझी सोय झाली. तक्रार करायला मला तोंड नव्हते.

सोनाबाईने भागोजीला मिठागरात जाऊ दिले नाही. तोंडावर ओले फडके, दिवसातून चार वेळा मी, आणि जीभ बाहेर आली की सासूची तंबी. पहिल्यांदा राहीने मला लावले, तेव्हा तो सवयीने मुठी आवळून बसला होता. काहीच झोंबले नाही. त्याने डोळे उघडले आणि राहीकडे पाहिले. ती घाबरून त्याच्याचकडे बघत होती.

"थंड वाटतंय," तो म्हणाला.

पाच दिवसांत तीन वर्षांच्या जखमा भरत नाहीत. वरवरच्या भेगा मिटल्या, पण मधली मोठी भेग नुसती जुळून आली होती. पौर्णिमेच्या सकाळी त्याने पत्ती ओठांत धरली, एक छोटा सूर काढला आणि सनई खाली ठेवली. उरलेला दम त्याला पालखीसाठी राखायचा होता.

राहीने डबी कमरेला खोचली आणि मी यात्रेला गेलो. देवळापुढच्या माडाला कर्णा बांधलेला होता. अलिबागचा माणूस खाली खुर्ची टाकून, तबकड्या पुसत बसला होता. पालखी उचलली. मोरूने संबळावर हात टाकला आणि भागोजीने सनई ओठांना लावली.

सूर निघाला. गेल्या साली जिथे तो तुटला होता, त्या विहिरीपाशी राहीने कमरेवरची डबी मुठीत इतकी घट्ट धरली की पत्र्याला पोचा पडला. तो आजही आहे. विहीर मागे पडली. पुढे चढावर एकदा सूर कापला, बारीक झाला, आता गेलाच असे वाटले. भागोजीने सनई ओठाच्या एका कोपऱ्याला सरकवली आणि तसाच, तिरक्या तोंडाने, वाजवत राहिला. पालखीला खांदा दिलेले रावजी पाटील त्याच्याकडे टक लावून बघत होते. वेशीच्या दगडापाशी पालखी टेकली, त्यानंतरच त्याने सनई खाली घेतली. ओठावर रक्त होते, पण थोडेच.

पाटील त्याच्याजवळ आले. "फुडच्या साली पुनवेला वेळंवर ये," ते म्हणाले आणि माणसांत मिसळले. मागे कर्णा सुरू झाला. त्याने दिवसभर आरडाओरडा केला, पण पालखीपुढे त्याला कुणी बोलावले नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर भागोजी ओटीवर बसला. राहीने डबी उघडून त्याच्या ओठाला तेल लावले आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मला तर ह्याला बगवत न्हाय. टाकून देऊ काय खाडीत?"

भागोजी हसला. जपूनच हसला, ओठ ताणू नये म्हणून.

"त्याला काय कळतंय?" तो म्हणाला. "आपून ठेवला तसा त्यो ऱ्हायला."

मित्रांनो, या गोष्टीला आता दहा वर्षे होत आली. माणसांना काही कळत नाही, असे मी आयुष्यभर म्हणत आलो आणि ज्याचे ओठ मी तीन हिवाळे जाळले, त्याने मला त्याच शब्दांत सोडून दिले. शिवी दिली असती तर मी तिला उत्तर दिले असते.

मी आता थोडाच उरलो आहे. येत्या एक-दोन थंड्यांत संपेन, आणि ते बरेच आहे, कारण संपण्यासाठीच मला केले होते. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला कोरडे ठेवा, झाकून ठेवा आणि मिठाच्या मडक्यापासून लांब ठेवा. औषध झोंबले म्हणून त्याला शहाणे समजू नका. दुसऱ्याच्या जखमेला लावण्याआधी ते एकदा स्वतःच्या जिभेवर ठेवून बघा. सोनाबाईने तेवढेच केले. तीन वर्षांत ते दुसऱ्या कुणाला सुचले नाही, आणि मी तर सगळा वेळ त्या ओठांवरच होतो.